किनाऱ्यावरची जुनी वस्ती, देशावरच्या डोळ्यांनी

कराडच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते आणि त्यांचे सहकारी दरवर्षी कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतात आणि वाशिष्ठीच्या खाडीपासून राजापूरच्या सड्यांपर्यंत, म्हणजे तांबड्या, सच्छिद्र जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांपर्यंत, पायी हिंडतात. या वेळी खाडीकाठच्या एका उंचवट्यावर त्यांना शिंपल्यांचा थर, तांबडी खापरे, गारगोटीची बारीक पाती आणि शेजारच्या कातळात कोरलेले गोल खळगे अशा चार गोष्टी पन्नास पावलांच्या आत आढळल्या. हे सगळे एकाच अश्मयुगीन वस्तीचे अवशेष मानावेत का, नसल्यास कोणते कोणत्या काळातले हे कसे ओळखावे, आणि उचलून आणलेल्या वस्तूंचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

जागा न पाहता काळ सांगणे मी टाळतो. तरीही या चारही गोष्टी एकाच काळातल्या असण्याची शक्यता फार कमी आहे, एवढे येथूनच सांगता येईल. किनाऱ्यावर माणसाने राहण्यासाठी निवडलेल्या जागा मोजक्याच असतात. भरतीचे पाणी पोहोचणार नाही इतकी उंची, जवळ गोड्या पाण्याचा झरा, होडी लावता येईल असा खाडीचा काठ आणि मागे सड्यावर जाणारी पायवाट, एवढ्या अटी पूर्ण करणारी जागा पाच हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याला जशी सोयीची होती, तशीच सातवाहन काळातल्या व्यापाऱ्याला आणि शंभर वर्षांपूर्वी चुन्याची भट्टी लावणाऱ्यालाही होती. त्यामुळे एका जागी अनेक काळांचे अवशेष सापडणे हा किनाऱ्याचा नियमच आहे. जागा एक आहे म्हणून काळ एक मानायचा नाही, ही सवय आधी लावून घ्यावी लागते. प्रत्येक वस्तूला तिचा काळ स्वतंत्रपणे विचारावा आणि मगच त्या परस्परांशी जोडता येतात का ते पाहावे.

साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला येथे एक विशेष अडचण येते, ती मी तीसेक वर्षांच्या भटकंतीत अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे. आपल्याकडे जुनी वस्ती म्हणजे पांढर. गावाची शेते ती काळी आणि घरांची जागा ती पांढरी, ही विभागणी आपल्या बोलण्यात इतकी मुरलेली आहे की, नदीकाठी राखेने भुरकट झालेले टेकाड दिसले की पाय आपोआप तिकडे वळतात. कृष्णा-कोयनेच्या काठी मातीच्या भिंती पडत गेल्या, त्यांवर नव्या भिंती उभ्या राहिल्या आणि शतकानुशतकांचे थर एकावर एक साचून टेकाड तयार झाले. कोकणात असे टेकाड क्वचितच मिळते. तेथे घरे वाड्या-कोंडांत विखुरलेली असतात, बांधकामात लाकूड, गवत, झावळ्या आणि जांभ्याचे चिरे असतात, जुने चिरे काढून नव्या घराला लावले जातात आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस उरलेली माती उतारावरून खाडीत नेऊन टाकतो. जांभ्याची माती आम्लधर्मी असल्यामुळे हाडेही फार काळ टिकत नाहीत. म्हणून पांढर शोधणाऱ्या डोळ्याला कोकण रिकामे वाटते. प्रत्यक्षात तेथे वस्ती आडवी पसरलेली असते. ती थरांत साचत नाही, तिच्या खुणा पृष्ठभागावर विखुरतात.

दुसरी गोष्ट समुद्राच्या पातळीची. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाचा कडाका असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्रतळ मुंबईच्या बाजूला सर्वांत रुंद आहे आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. त्या काळी हा सगळा पट्टा कोरडी जमीन होता. पुढे बर्फ वितळत गेले, पाणी चढत गेले आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीच्या जवळपास आला. काही ठिकाणी तो आजच्यापेक्षा थोडा वरही होता. याचा अर्थ असा की, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी समुद्रकाठी राहणाऱ्या लोकांच्या वस्त्यांचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे, आणि ज्याला आपण आज अश्मयुगीन किनारा म्हणून पाहतो तो त्या काळी समुद्रापासून बराच आत असलेला डोंगराळ प्रदेश होता. राजापूरच्या सड्यावर उभे राहून खाली दिसणारा समुद्र तेथील कातळावर चित्रे कोरणाऱ्यालाही तसाच दिसत होता असे गृहीत धरणे ही सर्वांत सोपी चूक आहे. खाड्यांचेही तसेच. वाशिष्ठीचा आजचा प्रवाह पाहून जुन्या काठाचा अंदाज बांधताना हे लक्षात ठेवावे की, १९६० च्या दशकापासून कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडले जाते. आपल्या जिल्ह्यात पडलेला पाऊस चिपळूणच्या नदीतून वाहतो आहे आणि तेथील काठांची झीज व गाळ आता केवळ निसर्गाच्या हिशेबाने चालत नाहीत.

आता गारगोटीच्या पात्यांकडे वळतो. चार वस्तूंपैकी प्रागैतिहासिक असण्याची सर्वाधिक शक्यता यांचीच आहे. कोकणात दगडी हत्यारे मिळतात हे नवे नाही. १९३० च्या दशकात नौदलातील अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी कांदिवली आणि मुंबई परिसरातून जुन्या अश्मयुगापासून सूक्ष्मास्त्रांपर्यंतची (म्हणजे अगदी बारीक दगडी पात्यांपर्यंतची) हत्यारे नोंदवली आणि त्यावरचा निबंध १९३९ साली प्रसिद्ध केला. गुहागर तालुक्यात पालशेतजवळच्या सुसरोंडी गुहेतूनही दगडी हत्यारे मिळाली आहेत. सड्यांवर तर एक साधी कसोटी उपयोगी पडते. जांभा हा खडक झिजून, विरघळून उरलेल्या लोह-ॲल्युमिनियमयुक्त मातीचा बनलेला असतो, आणि धारदार पाते निघेल असा गारेचा दगड त्यात तयार होत नाही. असे दगड बेसाल्टच्या, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या, पोकळ्यांत मिळतात आणि नदी-ओढ्यांच्या गोट्यांत येतात. सड्याच्या माथ्यावर, जेथे ओढा चढूच शकत नाही तेथे, गारगोटीचा तुकडा दिसला तर तो कोणीतरी आणलेला असतो.

मात्र कोणी आणला हा प्रश्न उरतो. काडेपेटी घरोघरी पोहोचेपर्यंत लोक चकमकीने विस्तव पाडत होते, आणि चकमकीची गार पोलादावर आपटून आपटून कडेने अनियमित टवके उडालेली असते. गलबतांच्या तळाशी नीरम म्हणून, म्हणजे तोल सांभाळण्याचे वजन म्हणून, भरलेले परके दगड बंदराजवळ उतरवले जात, त्यांतही गारा असू शकतात. खरे सूक्ष्मपाते ओळखायचे तर तुकड्याच्या एका टोकाशी आघाताची जागा आणि तिच्याखाली किंचित फुगवटा दिसतो का, पाठीवर समांतर कण्यासारख्या एक-दोन रेषा आहेत का आणि दोन्ही कडा जवळजवळ समांतर जातात का हे पाहावे. याहून भक्कम पुरावा म्हणजे गाभा, म्हणजे ज्या गोट्यावरून अशी पाती काढली तो उरलेला तुकडा, ज्याच्या अंगावर उभ्या पन्हळी उमटलेल्या असतात. एकटे पाते वाटेत पडू शकते, पण गाभा, पाती आणि वाया गेलेले टवके हातभर जागेत एकत्र मिळाले तर तेथे बसून कोणीतरी काम केले होते असे म्हणता येते. आपण पाती उचलताना भोवतीचे टवके तेथेच राहिले असतील, आणि नेमकी तीच माहिती आता परत जाऊन मिळवावी लागेल.

कातळातील खळग्यांबद्दल आणि त्या निमित्ताने कातळशिल्पांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सध्या सर्वाधिक उत्साह आणि सर्वाधिक गोंधळ याच विषयात आहे. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांत आणि दक्षिणेकडे सिंधुदुर्ग व गोव्यापर्यंत जांभ्याच्या उघड्या सड्यांवर कोरलेली चित्रे हजाराहून अधिक संख्येने नोंदली गेली आहेत. त्यांतील उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ ही नऊ स्थळे २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. काशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर प्राणी व जलचर कोरलेले आहेत. बारसूच्या सड्यावर मधोमध मनुष्याकृती आणि दोन्ही बाजूंना वाघ अशी मोठी रचना आहे. देवाचे गोठणे येथील आकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, त्यामुळे तेथे दिशा नोंदवायची असेल तर सूर्यावरून किंवा दूरच्या ओळखीच्या खुणांवरून नोंदवावी.

या चित्रांचा काळ किती, असे विचारले की बहुतेक ठिकाणी "दहा हजार वर्षे" हे उत्तर मिळते. हा अंदाज मध्याश्मयुगाशी, म्हणजे शेतीपूर्वीच्या शिकारी काळाशी, जोडलेला आहे आणि त्यामागे कारणे आहेत. चित्रांत जंगली प्राणी आणि मासे भरपूर आहेत, शेतीची दृश्ये नाहीत आणि आज कोकणात नसलेला एकशिंगी गेंडाही आहे. परंतु उघड्या खडकावरच्या खोदकामाचे थेट कालमापन अवघड असते, कारण जांभ्याच्या खोबणीत कोळसा किंवा हाड शिल्लक राहिलेले नसते. गेंड्याचेच उदाहरण घेऊ. गुजरातमधील लांघणज येथील मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचे खांद्याचे हाड ऐरणीसारखे वापरलेले सापडले, म्हणजे पश्चिम भारतात त्या काळी गेंडा होता हे निश्चित. पण तोच गेंडा सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही आहे, आणि सोळाव्या शतकात बाबराने वायव्येकडे त्याची शिकार केल्याची नोंद आहे. गेंडा दिसला म्हणून चित्र दहा हजार वर्षांपूर्वीचेच, असे म्हणता येत नाही. ही चित्रे एकाच काळात, एकाच समूहाने कोरली असेही मला वाटत नाही. काही ठिकाणी केवळ खोबणीने बाह्यरेषा काढलेली आहे, काही ठिकाणी आतला भाग खोदून आकृती उठावदार केली आहे आणि काही ठिकाणी भौमितिक चौकटींची गुंतागुंत आहे. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालली असावीत आणि इतिहासकाळाच्या सुरुवातीपर्यंत ती परंपरा रेंगाळली असावी, हे मत मला अधिक पटते. तसे असेल तर या चित्रांचे मोल कमी होत नाही, उलट ते वाढते.

आपल्याला दिसलेले खळगे मात्र चित्रे नाहीत, आणि गोल खळग्याला काळ चिकटवणे फारच जोखमीचे आहे. कातळावर भात कांडण्याची उखळे कोरलेली असतात. देवळासमोर मांडवाच्या मेढी रोवण्यासाठी भोके पाडलेली असतात आणि ती बहुधा चौकोनात किंवा सरळ रांगेत येतात. गुराख्यांनी वेळ घालवण्यासाठी कोरलेले खेळाचे पट असतात, त्यांत लहान वाट्यांच्या दोन समांतर ओळी दिसतात. याखेरीज जांभ्यात पाण्याने आपोआप होणारी भोकेही असतात, त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि आत ती नळीसारखी वळत जातात. खळग्यांचा व्यास, खोली, परस्परांतील अंतर आणि तळाचा आकार मोजून मांडल्यावर यांतले बरेचसे पर्याय गळून पडतात. तळ गुळगुळीत असेल तर तेथे काहीतरी कांडले किंवा घासले गेले आहे. तळ खडबडीत असून टाकीचे घाव दिसत असतील तर ते लोखंडी हत्याराचे काम आहे, आणि घावांच्या कडा अजून टोकदार असतील तर ते फार जुने नाही. हे पाहण्यासाठी भर दुपारी जाऊ नये. सकाळच्या पहिल्या तासात किंवा सूर्य कलल्यावर तिरप्या उन्हात जे दिसते ते बारा वाजता दिसत नाही. आणि हात जोडून एक विनंती करतो. फोटो नीट यावा म्हणून खोबणीत खडू, चुना किंवा रांगोळी भरू नका. जांभा सच्छिद्र आहे, भरलेले सगळे परत निघत नाही आणि पुढे कधी खोबणीच्या झिजेचा अभ्यास करायचा झाला तर तो पृष्ठभाग हातचा गेलेला असतो.

कासच्या किंवा पाचगणीच्या पठारावर असेच काही मिळेल का, असा एक उपप्रश्न होता. खडक जांभाच आहे, पण कासचा माथा सुमारे बाराशे मीटरवर आणि रत्नागिरीचा सडा शे-दीडशे मीटरवर. दोघांचे हवामान, पाणी आणि शिकार वेगळी. जांभा सारखा म्हणून माणसाने तेथे तेच केले असेल असा निष्कर्ष निघत नाही, पाहत राहायला मात्र हरकत नाही.

शिंपल्यांच्या थराबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगणे आवश्यक वाटते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका खाडीकाठी मला जवळजवळ गुडघाभर जाडीचा कालवांचा आणि तिसऱ्यांचा (या दोन जातींच्या शिंपल्यांचा) थर दिसला. मी तो प्रागैतिहासिक उकिरडा म्हणून नोंदवला, त्याचे रेखाटन केले आणि ज्येष्ठांना मोठ्या विश्वासाने दाखवले. दुसऱ्या वर्षी त्याच गावातल्या एका आजोबांनी सांगितले की, त्यांच्या लहानपणी तेथे शिंपले भाजून चुना करत, आणि भट्टीत न गेलेला माल तेथेच पडून राहिला. परत जाऊन थराच्या कडेने पाहिले तर भाजून लाल झालेली माती, चुन्याचे गोळे आणि कोळसा सगळे तेथेच होते. मी ते पहिल्यांदा पाहिले होते, फक्त वाचले नव्हते. त्या चुकीने मला एक शिकवले, ते पुढे कायम कामी आले. शिंपल्यांचा ढीग दिसला की आधी त्यात एकाच जातीचे शिंपले आहेत की मिश्र हे पाहतो. भट्टीसाठी सरसकट गोळा केलेल्या मालात लहान-मोठे, मेलेले, भोके पडलेले, वाळूने घासलेले असे सगळे येते. खाण्यासाठी आणलेल्या शिंपल्यांत खाण्याजोग्या आकाराचे अधिक असतात, ते उघडताना कडेला मोडलेले असतात आणि त्यांच्यामध्ये माशांचे मणके, खेकड्यांच्या नांग्या, जनावरांची हाडे, चुलीची राख असते. येथे एक दिलासाही आहे. शिंपल्यांतील चुन्यामुळे भोवतीची माती आम्लधर्मी राहत नाही, म्हणून एरवी कोकणात विरघळून जाणारी हाडे अशा थरात टिकतात. खरा जुना उकिरडा मिळाला तर तो सड्यावरच्या शंभर पात्यांपेक्षा अधिक सांगतो. त्याचा काळ रेडिओकार्बन पद्धतीने काढताना मात्र समुद्री शिंपल्याचे वय खऱ्यापेक्षा सरासरी चारशे वर्षांनी जास्त येते, कारण समुद्राच्या पाण्यातील कार्बन वातावरणातल्यापेक्षा जुना असतो, आणि ही दुरुस्ती करावी लागते. शक्य असेल तर त्याच थरातला कोळसा तपासावा.

खापरे राहिली. जाड, तांबडी, साधी खापरे पाहून काळ सांगता येत नाही, कारण तशी भांडी दोन हजार वर्षे बनत आली आहेत. काठाचे, तोटीचे किंवा तळाचे तुकडे पाहावेत. आत काळे आणि बाहेर तांबडे, चकचकीत लाल लेपाचे, फिरोजी झिलईचे, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचे असे काही दिसले तर दिशा मिळते. पण निळे-पांढरे दिसले म्हणून लगेच चीनपर्यंत जाऊ नये, एकोणिसाव्या शतकातल्या विलायती बशांचे तुकडेही तसेच दिसतात.

खापरांचा विषय निघाला की मी कराडच्या माणसाला थांबवून घेतो, कारण किनाऱ्यावरच्या ऐतिहासिक काळातल्या वस्तीचा एक धागा थेट त्याच्या गावात येतो. रायगड जिल्ह्यातील तळे तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर कुडे येथे सव्वीस लेणी आहेत. त्यांतील एका लेण्यावर प्राकृत लेख आहे, त्यात हे लेणे करहाकड येथील महिक नावाच्या लोहवाणिजाने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, दान दिल्याचे म्हटले आहे. करहाकड म्हणजे आपले कराड. हेच नाव मध्य भारतात भारहुतच्या स्तूपावर "करहकट निगमाचे दान" असे येते. ज्या काळी कराडच्या आगाशिव डोंगरात साठावर लेणी खोदली गेली त्या सुमाराला कराडचा लोखंडाचा व्यापारी समुद्रकाठच्या भिक्षूंना लेणे देत होता, यापेक्षा देश आणि किनारा यांच्या नात्याचा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. कुड्याजवळचे मांदाड हेच पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या वृत्तांतातले मंदगोर असावे असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच वृत्तांतातले सेमिल्ला म्हणजे चौल.

नकाशावर बोट ठेवून पाहिले तर कारण समजते. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, भरतीचे पाणी जेथवर चढते तेथे चिपळूण, वर कुंभार्ली घाट, घाटमाथ्यावर हेळवाक, आणि नेमकी हेळवाकपाशी कोयना दक्षिणेची वाट सोडून पूर्वेला वळते. तेथून नदीच्या खोऱ्याने सपाटीवरून पाटण आणि पुढे संगमावर कराड. निसर्गाने आखून दिलेली ही वाट मीठ, सुकी मासळी, धान्य, कापड आणि लोखंड यांनी शतकानुशतके वापरली. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती मिळाली, तीही अशाच एखाद्या घाटवाटेने वर चढलेली. म्हणून किनाऱ्याचा अभ्यास भरतीच्या रेषेपाशी संपत नाही. घाटमाथ्यावरची कातळात खोदलेली पाण्याची टाकी, वाटेवरच्या पायऱ्या, चौकीवजा किल्ले आणि माथ्यावरची देवस्थाने हा त्याच वस्तीचा वरचा भाग आहे, आणि तो साताऱ्याच्या लोकांच्या दारात आहे. आपली मंडळी दरवर्षी ज्या वाटेने उतरतात तिची नोंद करण्याचे काम आपल्याइतके नीट कोणी करू शकणार नाही.

त्यानंतरच्या काळासाठी दगड स्वतः बोलतात. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा असा वाचला जातो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, वल्ही मारणाऱ्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे, असे दृश्य देशावरच्या वीरगळांत आपल्याला पाहायला मिळत नाही. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीच्या एकोणतीस लेण्यांत बौद्ध हीनयान, पुढे वज्रयान आणि नंतर नाथपंथ असे तीन पंथ एकामागोमाग नांदले. एकाच जागेवर अनेक काळ कसे बसतात याचे हे उत्तम उदाहरण आहे आणि ते आपल्या वाटेपासून दूरही नाही. गावात एखादा वीरगळ किंवा गधेगाळ (दानाच्या आज्ञेवर शापाचे चित्र कोरलेली शिळा) शेंदूर लावून पूजेत असेल तर शेंदूर खरवडू नये. पुजाऱ्यांना किंवा गावकऱ्यांना विचारून फक्त मोजमाप आणि छायाचित्र घ्यावे.

नोंद करताना एवढे पुरे आहे. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश, प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी, वस्तू कोठल्या उंचीवर आणि कशाच्या शेजारी होती, जमीन कोणाच्या वहिवाटीत आहे आणि गावकरी त्या जागेला काय नाव देतात. हे शेवटचे कधीही वगळू नये. शेतांची आणि वाटांची नावे कागदपत्रांपेक्षा जुनी असतात. जाण्यापूर्वी सातारा, रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांची एकोणिसाव्या शतकातली गॅझेटिअर वाचावीत, कारण त्यांतल्या बंदरांचे, गाळाचे आणि घाटांचे वर्णन रस्ते होण्यापूर्वीचे आहे. आणि पुन्हा जाण्यास फार उशीर करू नये. मी नोंदलेल्या एका सड्यावर दोन वर्षांनी गेलो तेव्हा अर्ध्या आकृत्यांच्या जागी चिरेखाण होती, आणि खाण काढणाऱ्यालाही तेथे काही कोरलेले आहे हे कोणी सांगितलेले नव्हते.

आता पिशवीतल्या वस्तूंबद्दल. जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आणि १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतात आणि परवान्याशिवाय खणणे कोणालाही मोकळे नाही. पृष्ठभागावरून उचललेली पाती आणि खापरे घरी काचेच्या कपाटात ठेवू नका, आणि चूक झाली म्हणून परत नेऊन टाकूनही देऊ नका, त्याने दुसरा गोंधळ होतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या पुडीत बांधून तो नेमका कोठे उचलला हे आठवते तेवढे आजच लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी ते आठवणार नाही. मग राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला जागेच्या माहितीसह लेखी कळवा आणि वस्तू त्यांच्याकडे पोच घेऊन द्या.

त्या उंचवट्यावर पुन्हा जाल तेव्हा ओहोटीची वेळ पाहून खाडीच्या बाजूने जा. पाण्याने काठ कापलेला असेल तर थरांचा उभा छेद कुदळ न लावता दिसतो. शिंपल्यांच्या थराखाली खापरे आहेत की नाहीत, पाती शिंपल्यांच्या वर आहेत की आत रुतलेली आहेत, आणि भाजलेली लाल माती कोठे दिसते का, एवढे त्या छेदात पाहा आणि मोजपट्टी लावून त्याचे छायाचित्र मला पाठवा. खापरे शिंपल्यांच्या खाली निघाली तर तो थर अश्मयुगाचा नाही हे तेथेच ठरेल. ती फक्त वर असतील आणि पाती आत असतील, तर मी स्वतः आपल्याबरोबर कुंभार्ली उतरायला येईन.